धोंडबा गवा भाषण सोडून उठतो

बाळांनो, एका जंगलात एक रग्बी क्लब होता. मांडी घालून नीट बसा, म्हणजे सांगतो.

रग्बी म्हणजे काय? लांबट चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्यांना धडका देत पलीकडच्या रेषेपार नेऊन टेकवायचा. गंमत अशी की धावायचं पुढे, पण साथीदाराकडे चेंडू टाकायचा तो फक्त मागे. क्लबच्या कार्यकारिणीला हा नियम लगेच पटला. तिच्याकडे आलेला प्रत्येक विषय असाच मागे जात असे.

खेळाडू अर्धवेळ होते. सकाळी पोटाचा धंदा, संध्याकाळी मैदान. कर्णधार धोंडबा गवा दिवसभर ओंडके ओढायचा आणि मग सरावाला यायचा. साळिंदराला संघात घेतलं नव्हतं, कारण सरावात त्याला धरायला कोणी तयार नव्हतं.

क्लबची कामगिरी मोठी होती. अकरा वर्षांत अकरा सत्कार! दोन संघांच्या स्पर्धेत उपविजेतेपद मिळालं तेव्हा तर मिरवणूक निघाली होती. शाल, नारळ आणि चिटणीस मुंगूसभाऊंचं प्रास्ताविक हे ठरलेलंच. सामना मात्र क्लबने एकही जिंकला नव्हता. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती.

धोंडबाच्या आली होती. त्याचा गुडघा गेला होता आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं.

"एकदा तरी जिंकायचंय गं," तो बायकोला म्हणाला.

"जिंका हो. घरात अकरा शाली झाल्यात, बारावी ठेवायला जागा नाही," ती म्हणाली.

शेवटचा सामना टेकडीपलीकडच्या रेड्यांशी होता. मध्यंतरापर्यंत बरोबरी झाली. धोंडबाला विश्वासच बसेना. पण प्रमुख पाहुणे वाघसाहेब यांना पुढे तळ्याकाठी उद्घाटनाला जायचं होतं. म्हणून सत्कार मध्यंतरातच उरकायचं ठरलं. दोन्ही कर्णधारांना व्यासपीठावर बसवलं. प्रेक्षकांनी खुर्च्या फिरवल्या आणि मैदानाकडे पाठ केली.

"मला या खेळातलं काही कळत नाही," असं म्हणून वाघसाहेब त्या खेळावर बोलू लागले. तरुणपणी आपण किती धावायचो आणि आपल्या पुढचे प्राणी तर आपल्याहून जोरात कसे धावायचे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. हरणांनी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतर संपलं. पंच करकोचा वेळेचा पक्का होता, त्यामुळे त्याला कोणी कुठल्या समारंभाला बोलावत नसे. त्याने शिट्टी फुंकली. कर्णधारांवाचून सामना सुरू झाला.

धोंडबा उठू लागला. मुंगूसभाऊंनी त्याची शाल धरली.

"बसा! अजून आभारप्रदर्शन व्हायचंय."

"भाऊ, तिकडे सामना चाललाय."

"सामने दर वर्षी होतात. साहेब दर वर्षी येतात का?"

वाघाचं भाषण अर्ध्यावर सोडून आजवर कोणी गेलं नव्हतं. निदान गेलेला परत कोणाला दिसला नव्हता. तेवढ्यात त्याचा एक गडी रेड्यांच्या गर्दीत आडवा झाला. धोंडबाने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

"येतो साहेब," तो म्हणाला आणि त्याने मैदानात उडी मारली.

रेड्यांचा कर्णधार मात्र व्यासपीठावरून हलला नाही. वाघाच्या शेजारून उठायची त्याची छाती झाली नाही. त्याचा संघ एका गड्याने कमीच राहिला. शेवटच्या मिनिटाला चेंडू धोंडबाकडे आला. तीन रेडे अंगावर घेत, लंगडत, तो रेषेपार गेला आणि चेंडू टेकवला. क्लब जिंकला!

टाळी एकच वाजली. खुर्ची न फिरवलेली तेवढी त्याची बायको होती. धोंडबाला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली.

"पण आपण जिंकलो की!" धोंडबा म्हणाला.

"त्याचंही बघू," मुंगूसभाऊ म्हणाले. "एकेक विषय घेऊ."

धोंडबाचं कर्णधारपद काढून घेण्यात आलं. रेड्यांच्या कर्णधाराला 'आदर्श खेळाडू' पुरस्कार जाहीर झाला. शेवटी वाघसाहेबांना पत्र गेलं: "काल आमच्याकडून नजरचुकीने सामना जिंकला गेला. मंडळ दिलगीर आहे. पुन्हा असं होणार नाही."

आणि बाळांनो, मंडळाने दिलेला शब्द पाळला.

तात्पर्य: सामना काय, कोणीही जिंकेल. आभारप्रदर्शन होईपर्यंत जागचा न हलणारा तोच खरा खेळाडू.