केरबा अस्वलाची खाज आणि निवृत्ती कासवाचे रिपोर्ट

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे मी स्वतः तिथे नव्हतो. ज्याने मला सांगितली तोही नव्हता. तो फक्त त्या बाजूने एकदा एसटीने गेला होता आणि नेमका तेव्हाच त्याचा डोळा लागला होता. पण जंगल होतं, एवढं नक्की. निदान झाडं तरी होती.

बाळांनो, सरसावून बसा. सगळी बाळं अठराच्या पुढची आहेत ना? नसतील त्यांनी घरी जावं आणि आईला पाठवावं.

एका जंगलात केरबा नावाचं अस्वल राहत होतं. केरबाचं लग्न ठरलं होतं. मुलगी शेजारच्या डोंगरावरची, नाव हौसा. तारीख वैशाखातली. केरबा खूश होता.

एके दिवशी त्याने झाडावर चढून मध खाल्ला. अर्धा तोंडात गेला, अर्धा पोटावरून खाली ओघळला. केरबा तसाच गवतात आडवा झाला. उठला तर त्याला खाज येत होती. कुठे? नको तिथे.

आपल्याला खाज आली तर आपण खाजवतो. केरबाने विचार केला. ही त्याची पहिली चूक.

त्या जंगलात एक पोपट होता. त्याने शहरात मोबाईलच्या दुकानात सात वर्षं पिंजऱ्यात काढली होती. त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं. त्याला काहीही विचारा, तो त्यातलं सगळ्यात वाईट आधी सांगायचा.

"नको तिथे खाज येते," केरबा हळूच म्हणाला.

"हर्पीस," पोपट म्हणाला.

"म्हणजे?"

"एकमेकांच्या जवळ गेल्याने होतो. जवळ म्हणजे शेजारी नव्हे."

केरबाला गेल्या वर्षीची जत्रा आठवली. जत्रेत एक पाहुणी अस्वलीण आली होती. दोघांनी एका दुपारी मोहाच्या झाडाखाली बसून भरपूर फुलं खाल्ली होती. पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं, म्हणून त्याने ते स्वतःच्या मनाने भरून काढलं होतं.

"दुसरं काही असू शकतं का रे?"

"असू शकतं. पण ते मोबाईलवर पाचव्या पानावर येतं. तिथपर्यंत कोणी जात नाही."

आता केरबापुढे एकच प्रश्न होता. हौसाशी लग्न करायचं की तिच्या भल्यासाठी मोडायचं? तो दवाखान्यात गेला.

दवाखाना बगळे डॉक्टरांचा होता. डॉक्टर स्वभावाने शांत. पण दारात साळुंकी बसायची, ती नोंद करून घ्यायची. तिचा आवाज तीन टेकड्यांपलीकडे जायचा. बाकावर वाघ होता, मोर होता, रानडुक्कर होतं, हरिणी होती. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

"काय होतंय?" साळुंकी ओरडली.

"खाज..."

"कुठं?"

मोराने मान पुढे काढली. केरबा एक पाऊल मागे सरकला.

"मला नाही हो, बाई! माझ्या एका मित्राला."

"नाव सांग मित्राचं."

केरबाच्या डोक्यात जे पहिलं नाव आलं ते त्याने सांगितलं. "निवृत्ती कासव."

"परत?" असं म्हणून साळुंकीने निवृत्तीची फाईल काढली. ती उचलायला तिला दोन्ही पाय लागले. केरबा घाबरलेला होता, त्यामुळे फाईल एवढी जाड का, हे त्याने विचारलं नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

आत डॉक्टर म्हणाले, "मित्राला घेऊन ये. त्याला तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

निवृत्ती तळ्याकाठी राहायचा. वय एकशे चाळीस. तो कधी कोणाच्या जवळ गेला नव्हता. गेला असता, पण पोचेपर्यंत समोरचा निघून जायचा.

"निवृत्ती, तपासायला चल."

"कशाला?"

"तब्येत चांगली असावी म्हणून."

"बरं," निवृत्ती म्हणाला आणि निघाला. चौथ्या दिवशी पोचला. सुई कुठे टोचायची यावर डॉक्टरांनी थोडा विचार केला. मग मानेत टोचली. मुंग्या रक्त घेऊन गेल्या. आठवड्याने रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

केरबाला इतका आनंद झाला की तो नाचला. मग त्याला खाज आली.

"हा रिपोर्ट चुकला असणार," तो म्हणाला.

हे ऐकून पोपटाला उत्साह आला. "चुकू शकतो. लवकर केला तर चुकतो, उशिरा केला तर चुकतो. आणि तुला भीती वाटतेय ना? तेही एक लक्षण आहे."

पुन्हा चाचणी झाली. निगेटिव्ह. तिसऱ्यांदा झाली. निगेटिव्ह. चौथ्या वेळी निवृत्ती घरी गेलाच नाही, दवाखान्याच्या पायरीवरच राहिला. म्हणाला, "जाऊन परत येण्यात पाचव्या चाचणीची वेळ होईल." चौथाही निगेटिव्ह आला. दर वेळी केरबा रिपोर्ट छातीशी धरायचा, देवाचे आभार मानायचा आणि खाजवायचा.

शिवाय तो दिवसातून अकरा वेळा धुवायचा. रिठ्याने. रिठ्याने आग झाली की कडुलिंबाच्या पाल्याने घासायचा. मग तळ्यात वाकून बघायचा. लाल दिसलं की म्हणायचा, "बघा, वाढलं!" आणि पुन्हा रिठा शोधायचा.

तिकडे जंगलात बातमी फिरली. निवृत्तीची चार-चार वेळा तपासणी? हे साधंसुधं दुखणं नाही. बेडकांनी तळं सोडलं. आणि दूरच्या धरणावरून दोन कासविणी मुद्दाम आल्या.

"हेच का ते?" एकीने विचारलं.

"दिसतो अगदी साधा," दुसरी म्हणाली. "असलेच बेरकी असतात."

त्या परत गेल्या नाहीत.

केरबाचं मात्र वाईट चाललं होतं. पोपट आता त्याचा पिच्छा सोडेना. एकदा विचारलं होतं ना? मग केरबा दिसला की पोपट डोक्यावर यायचा आणि ओरडायचा, "खाज, खरूज, नायटा! एकच मलम! केरबा, घे ना मलम!"

एका सकाळी हौसा आपल्या आईबापांना घेऊन सुपारी फोडायला आली. हौसाच्या बापाने सुपारी हातात घेतली. तेवढ्यात वरून आवाज आला, "ज्यांनी सुपारी फोडली त्यांनी हे मलमही घेतलं!"

सुपारी खाली पडली. हौसाने केरबाला झाडामागे नेलं.

"हा पोपट तुझ्या मागं का लागलाय?"

केरबा हमसून रडायला लागला. "हौसा, हे लग्न मोड. मला हर्पीस आहे."

"कोणी सांगितलं?"

"माझ्याकडे चार रिपोर्ट आहेत."

हौसाने रिपोर्ट वाचले. नीट वाचले, खालची बारीक अक्षरंसुद्धा.

"हे सगळे निगेटिव्ह आहेत."

"तेच तर! तरी खाज जात नाही."

"यावर नाव निवृत्तीचं आहे."

"हो. मित्र आहे माझा."

"खाज कोणाला येते?"

"मला."

हौसाने चारही रिपोर्टांची घडी घातली. मग शांतपणे म्हणाली, "आणि तुला झाला कुठून म्हणतोस?"

केरबाने जत्रेतली ती दुपार सांगितली. सांगताना तीन वेळा कान धरले.

"ती सरू?" हौसा म्हणाली. "माझी मामेबहीण आहे ती. दोन फुलं खाऊन तू आडवा झालास. संध्याकाळपर्यंत घोरत होतास. माश्या हाकून हाकून तिचा हात दुखला. अजून सांगते ती सगळ्यांना."

हे ऐकून केरबाला हायसं वाटायला हवं होतं. त्याला जरा वाईट वाटलं.

हौसाने त्याचा कान धरला आणि त्याला दवाखान्यात आणलं. साळुंकी ओरडली, "काय होतंय?" हौसा तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडली, "याला लघवीच्या जागी खाज येतेय! याला! मित्राला नाही!"

मोराने पुन्हा मान पुढे काढली. केरबाला वाटलं, आता जमीन फाटेल. पण वाघ हळूच उठला.

"बाई," तो साळुंकीला म्हणाला, "ते निवृत्तीला अंधाराची भीती वाटते, असं मी लिहून दिलं होतं ना? ते माझ्या नावावर घ्या."

मग मोर उठला. निवृत्तीची पिसं गळत होती, ती खरं तर मोराची होती. रानडुक्कर उठलं आणि निवृत्तीची मूळव्याध परत घेऊन गेलं. एकेक कागद निघत गेला आणि फाईल पातळ होत गेली. गेल्या श्रावणात निवृत्तीला दिवस गेले होते, अशीही एक नोंद निघाली. हरिणीने मान खाली घातली.

शेवटी डॉक्टरांनी पहिल्यांदाच केरबाला तपासलं. त्याचं स्वतःचं रक्तही घेतलं. निगेटिव्ह.

"मग मला झालं काय, डॉक्टर?"

"पहिल्या दिवशी तुला मुंग्या चावल्या. मध सांडला होतास ना? ते दोन दिवसांत गेलं असतं. पुढचे तीन महिने तू स्वतःलाच सोलतोयस. रिठा बंद. पाला बंद. साधं पाणी, दिवसातून एकदा. आणि तळ्यात वाकून बघायचं नाही."

"मलम?"

"पोपटाच्या चोचीला लाव."

पंधरा दिवसांत खाज थांबली. सोळाव्या दिवशी केरबा पोपटाकडे गेला आणि त्याने हळूच विचारलं, "खाज अशी अचानक थांबणं, हे कशाचं लक्षण असेल रे?"

पोपटाने चोच उघडली. पण मागे हौसा उभी होती. पोपट म्हणाला, "लग्नाचं." त्याच्या आयुष्यातलं हे एकमेव बरोबर उत्तर.

वैशाखात लग्न झालं. एकाच मांडवात दोन झाली. दुसरं निवृत्तीचं, धरणावरून आलेल्या एका कासविणीशी. तो चार दिवस आधीच निघून मांडवात वेळेवर पोचला. नवरीला कोणीतरी सांगितलं, "अहो, त्याला काहीच झालेलं नव्हतं. साधा आहे बिचारा." ती हसली आणि म्हणाली, "सगळे असंच म्हणतात."

तात्पर्य: आपली खाज मित्राच्या नावावर तपासावी. आपलं काही निदान होत नाही, पण मित्राचं भलं होतं.

झाली गोष्ट. आता उठू नका, ही फुकट नव्हती. पैसे नकोत. उद्या येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मलमाची एक ट्यूब आणून द्या. मोठी. माझ्यासाठी नाही हो. माझा एक मित्र आहे. निवृत्ती म्हणून.