पहिली गोळी आणि उद्दिष्टसर

वैद्यकीय शिक्षणाच्या केंद्रस्थानी विद्यार्थी असतो. तो बहुधा वर्गात नसतो, एवढीच काय ती किरकोळ अडचण.

हे सत्य औषधशास्त्राच्या एका प्राध्यापकांना नोकरीच्या नवव्या वर्षी उमगलं. हजेरीपटावर एकशे अठरा सह्या होत्या आणि समोर चौतीस माणसं. त्यांपैकी अकरा झोपलेली. (तास झोपेच्या औषधांवर होता, त्यामुळे याला प्रात्यक्षिक म्हणता आलं असतं; पण प्राध्यापक प्रामाणिक होते.) दुसरा कुणी मुलांवर डाफरला असता. यांनी दोष स्वतःकडे घेतला. आपल्याला औषधं येतात, शिकवणं येत नाही, असा निष्कर्ष काढला आणि पुढची सतरा वर्षं ते शिकवायला शिकले.

शिकवायला शिकणं हे पूर्णवेळ काम आहे. त्यापायी शिकवणं थोडं बाजूला ठेवावं लागतं. प्राध्यापकांनी त्रेसष्ट कार्यशाळा केल्या. त्यांतल्या एकवीस, कार्यशाळा कशा घ्याव्यात यावरच्या होत्या. भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. सहकाऱ्यांना गोलात बसवलं. एकदा तर एका सर्जनच्या अंगावर चेंडू टाकून "आता आपली भावना सांगा" असंही म्हणाले. (सर्जननी सांगितली. ती इतिवृत्तात घेतलेली नाही.) प्रत्येक तासाच्या आरंभी ते फळ्यावर उद्दिष्टं लिहीत: 'या तासाच्या अखेरीस विद्यार्थी अमुक करू शकेल.' उद्दिष्टं पुढेपुढे इतकी नेटकी झाली की ती लिहिता लिहिताच तास संपू लागला. मुलांनी त्यांचं नाव उद्दिष्टसर ठेवलं. त्यांच्या कानावर ते आलं आणि, खरं सांगायचं तर, आवडलंही.

घरी बायको म्हणायची, "अहो, नुसतं दूध आणायला सांगितलंय. त्याचे टप्पे कसले पाडताय?"

"साध्य झालं की नाही, ते मोजता आलं पाहिजे."

"मग मोजा की. एक लिटर."

विद्यार्थ्याला उत्तर द्यायचं नाही, ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, हे त्यांचं मुख्य तत्त्व. "सर, याचा डोस किती?" असं कुणी विचारलं की ते प्रसन्न चेहऱ्यानं म्हणत, "तुला काय वाटतं?" मुलांना निरनिराळं वाटे. हळूहळू प्राध्यापकांनाही निरनिराळं वाटू लागलं.

नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची चालूच होती; आता दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरी दिली. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: झोपताना घ्यावी. (डॉक्टरचं अक्षर स्वच्छ असलं की कुणी वाचत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची नवी कार्यशाळा होती, त्या घाईत त्यांनी दोन्ही गोळ्या चहाबरोबर एकदमच घेतल्या. सभागृहात नाव पुकारताच ते खुर्चीवरून ताडकन उठले, "मित्रहो, आपल्याला काय येत नाही हे ओळखणं—" एवढं बोलले आणि आडवे झाले. उपस्थित चाळीस प्राध्यापकांनी आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

डोळे उघडले ते अपघात विभागात. कपाळाला पाच टाके. बायको शेजारी पर्स छातीशी धरून बसलेली, रडून रडून नाक लाल झालेलं. समोरची तरुण डॉक्टर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली.

"सर, एवढ्यात नवीन गोळी सुरू केलीत का?"

बायकोनं पर्समधून स्ट्रिप काढून दिली. एकच गोळी कमी होती.

"ही आज सकाळी घेतलीत? पहिलीच?"

"तुला काय वाटतं?" प्राध्यापकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मला वाटतं, या गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडतात, सर. त्यात रक्तदाबाचीही गोळी पोटात. माणूस झटकन उठला की रक्तदाब धपकन खाली. म्हणून पहिली गोळी अंथरुणावर पडतानाच घ्यायची."

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. हा प्रश्न प्राध्यापकांनी परीक्षेत सलग बारा वर्षं घातला होता. सतरा वर्षं वाया गेली नव्हती. ती पांढरा कोट घालून समोर उभी होती.

"हे तुला... माझ्याच तासाला कळलं ना गं?"

"हो सर, तुमच्याच." ती जराशी घुटमळली. "मागच्या बाकावर बसून पुस्तक वाचायचे मी. तुम्ही उद्दिष्टं लिहीत असायचात ना, तेव्हा. इतकी शांतता दुसऱ्या कुणाच्या तासाला मिळायची नाही."

बायको त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मग प्राध्यापकही हसले. टाके ओढले जात होते, तरी हसत राहिले.

पुढच्या तासाला त्यांनी फळ्याला हातच लावला नाही. टेबलावर टेकून, कपाळावरची पट्टी दाखवत, आपण कसे पडलो ते सांगितलं. कोणती गोळी, कधी, का. कुणी डोस विचारला तर सांगितला. एक आठवला नाही, तो सगळ्यांसमोर पुस्तक उघडून पाहिला. चौतीसच्या चौतीस जागे होते. पुढच्या आठवड्यात ते साठ झाले.

बातमी शिक्षण समितीपर्यंत गेली. समितीनं परिपत्रक काढलं: प्रत्येक शिक्षकाने सत्रातून किमान एकदा अनुभवाधारित पतन करावे; पतनाची नोंद विभागप्रमुखांच्या सहीनिशी ठेवावी. (शरीररचना विभागाला सूट, तिथली मंडळी मुळातच आडवी असतात.) प्रशिक्षक म्हणून अर्थातच उद्दिष्टसरांना बोलावणं आलं. त्यांनी कळवलं, "क्षमस्व. माझा तास आहे."

आता तुम्हाला प्राध्यापकांचं हसू येत असेल. येऊ द्या, त्यांनाही येतं. पण हसून झालं की आपल्या घरातला गोळ्यांचा डबा उघडा: एका डॉक्टरांच्या, दुसऱ्या डॉक्टरांच्या, आणि शेजाऱ्यांना गुण आला म्हणून आणलेल्या. कोणती कशासाठी, ते न अडखळता सांगता येतंय का पाहा. नाही आलं तरी घाबरू नका. तुम्ही काही प्राध्यापक नाही.

फक्त खुर्चीवरून सावकाश उठा.