तांदळाच्या वेबसाईटवरची म्हैस

सोपानतात्या मयताला गेले तरी वेबसाईटचा पत्ता सांगून यायचे. आधी रीतसर डोळे पुसायचे, घरच्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि निघताना हळूच म्हणायचे, "मोबाईल हाय न्हवं? मग आमची वेबसाईट बघा. आनि चार जनांना सांगा."

तात्या उत्रोलीचे. घरच्या शेतातला आंबेमोहर तांदूळ विकायचे. भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. वेबसाईट मीच करून दिली. जाहिरात मात्र सगळी त्यांची. टेम्पोच्या फाळक्यावर, आहेराच्या पाकिटावर, एकदा तर बेंदराच्या सणाला बैलाच्या पाठीवरही त्यांनी पत्ता रंगवला. मिरवणुकीत सर आली आणि अर्धी वेबसाईट ओघळून बैलाच्या पोटाखाली गेली.

दर बाजारच्या दिवशी ते नवा मजकूर घेऊन यायचे. "लिवा ताई. म्हैस व्याली, रेडी झाली. परसातल्या फणसाला औंदा लई फळ हाय. आईचा गुडघा आता बरा हाय."

"तात्या, तुमच्या आई तर कधीच्याच गेल्या ना?"

"लिवा तुमी."

पुण्याहून एका बाईंचा फोन आला होता, "तुमच्याकडे तांदूळ मिळतो, की फक्त म्हशीची खुशाली?"

मी ते तात्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. "वाचनाराला कळतंय," एवढंच म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर सांगलीहून दोन किलोची मागणी आली. मी तात्यांना नाव वाचून दाखवलं, सुरेखा. तात्या बाकावर बसले.

"माजी लेक," ते म्हणाले. "मनानं लगीन केलं तिनं. आठ वर्सं झाली. मला तू मेलीस, असं बोल्लो म्या. तिची आई फोन लावाय लागली, तर तिच्या हातातनं मोबाईल हिसकून घेतला. मंग आता कोनत्या तोंडानं मीच लावू? म्हनलं, घरचं समदं हितं लिवून ठिवावं. फिरत फिरत कदी तरी तिच्यापत्तुर जाईल."

मग त्यांनी विचारलं, "ताई, माल मालकानं सोता नेऊन दिला तर चालतंय का?"

"चालतं की."

पहाटेच्या एसटीनं गेले. दोन किलो मागवले होते, दहा किलो नेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले.

"भेटली का?"

"दार वाजवलंच न्हाई. आतनं एक बारकी पोर आई, आई करत व्हती. मला ठावंच नव्हतं. पिशवी उंबऱ्याशी ठिवली नि जिना उतरलो."

"अहो, एवढ्या लांब गेलात. हाक तरी मारायची."

"मारनार व्हतो. पर त्या पोरीला काय सांगितलं असंल तिनं? आजा हाय म्हून, का न्हाई म्हून?"