दुधाच्या दाढेचा काढा

वाहिद डॉक्टरला सकाळपासून दम धरवत नव्हता. पांढरकवड्यात दात उपटणारे पुष्कळ होते. वाचवणारा हा एकटाच, आणि वाचवायची काय, तर दुधाची दाढ! आपली आपण पडणाऱ्या दाढेपायी कोण एवढा राबतो, म्हणून अख्खा बाजार त्याला हसत होता. दुधाची दाढ जागा धरून ठेवते म्हणून पक्की दाढ सरळ येते, हे सांगून त्याचा घसा सुकला होता. आता एक तरी दाढ वाचवून दाखवायला हवी होती.

केळापूरच्या भगवानरावांची लहानगी लेक विजयमाला ही त्याची एकुलती एक पेशंट. मेलेली नस मागच्या बाजाराच्या दिवशी काढून झाली होती. आज कडुनिंब आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यानं दाढेची मुळं आतून धुवायची, लवंगेच्या तेलातला मसाला भरायचा, की फत्ते.

घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, पडद्यामागे बायको रौशनचा स्वयंपाक. उकळलेला काढा वाहिदनं निवायला एका कपात ओतून टेबलावर ठेवला आणि पिचकारी आणायला तो आत पळाला. कपावर झाकण ठेवायचं अशा उतावळ्या माणसाला कुठलं सुचायला!

पोरीला घेऊन बसलेल्या भगवानरावांना वाटलं, चहा आला. पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. पण माणूस रीतीभातीचा. कप रिकामा करून त्यांनी मिशा पुसल्या.

वाहिद परतला तर विजयमाला तोंड मिटून बसलेली. "कडू वास येऊन राह्यला. मी नाही उघडत."

"नाही उघडत तर चाल, बाजारात उपटून घेऊ," भगवानराव म्हणाले.

तेवढ्यात पडद्यातून रौशनचा हात पुढे आला. "अजी, चाय."

"नको नको, मले नको," भगवानराव दचकून म्हणाले.

वाहिदचा चेहरा पडला. "आमच्या घरचं चालत नाही काय, भगवानराव?"

"तसं नाही ना बाप्पा." त्यांनी कप घेतला, डोळे मिटून घोट घेतला आणि डोळे उघडले. "यात तं साखर हाय."

"चहात साखर नाही तं काय टाकतेत?"

"मंग मघाच्यात काहून नव्हती?"

वाहिदनं टेबलावरचा रिकामा कप पाहिला. "अहो, तो पोरीची दाढ धुवाचा काढा होता. पेले अन् बोलले बी नाही?"

"कसा बोलू? पोरीची दाढ तुमच्या हातात. तुमच्या चहाले नावं ठेवून कसं जमन?"

पडद्यामागे रौशनला हसू आवरेना. विजयमाला बापाकडे बघतच राहिली. "बाबा, कपभर पेले तुमी?"

"पेलो."

"मंग मी थेंबभर घेतो." आणि तिनं आ केला. काढा पुन्हा उकळेपर्यंत तिला तोंड मिटून घ्यायला सांगावं लागलं.

दाढ वाचली. वाहिदला आभाळ ठेंगणं झालं. आणि पुढच्या बाजारी पाहतो तर काय, दवाखान्यासमोर ही रांग! लेकरं कडेवर घेतलेली माणसं पाहून त्याचा आनंद पोटात मावेना. जवळ गेल्यावर दिसलं, एकेकाच्या हातात रिकामी बाटली.

"डाक्टर, तो काढा द्या," रांगेत पहिला उभा असलेला उकंडा नावाचा गडी म्हणाला. "भगवानराव सांगत होते, पोट लय साफ होते म्हणून."

वाहिद उकंडाच्या कडेवरच्या पोरीकडे बोट करून म्हणाला, "देतो. पहिले हिले आ कराले लावा."