सागाच्या पट्टीले जवसाचं तेल

बाकी काई समजो न समजो, लाकडातलं मले समजते! दरसाल पेरणीच्या आधी आमच्या घरची पेराची लाकडी तिफण पॉलिश पेपरनं घासून तिले जवसाचं तेल पाजाचं काम लहानपणापासून माह्याकडंच होतं. म्हणून गजेंद्रभाऊच्या कारमंधी ओरखडा पडला, तवा मी बिलकुल घाबरलो नाई.

गजेंद्रभाऊ म्हणजे माहे साडू, अकोल्याचे. त्याइच्या सेकंडहँड कारच्या डॅशबोर्डवर चमकदार लाकडी पट्टी हाये. अस्सल साग, असं ते लग्न असो का तेरवी, सगळ्याइले सांगत. तीच कार मी मागून आणली होती. माही बायको गीतांजली बाळंतपण आटपून दर्यापूरहून मूर्तिजापूरले येणार होती, अन् आपल्या पोरीले काळीपिवळी जीपच्या गर्दीत कोंबून आणणार नाई, असा शब्द मी तिले देऊन बसलो होतो. भाऊनं चावी देतानी एकच सांगतलं, "ओरखडा दिसला तं तिथंच गाडी काढून घेईन." अन् दर्यापूरले ते स्वतः जेवाले येणारच होते, बसनं.

निंगतानी मायनं डिंकाच्या लाडवाचा स्टीलचा डबा अन् पोरीसाठी नवं दुपटं देलं. डबा मी डॅशबोर्डवर ठेवला. पहिल्याच गतिरोधकावर तो सरकला अन् सागाले घासतच खाली आला. दोन बारीक ओरखडे, केसाएवढे!

म्हणलं, हे तं आपलं घरचं काम. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर घेतला, घाण्यावरून जवसाचं तेल. हलक्या हातानं घासलं. ओरखडे गेले! तिथंच थांबलो असतो तं हे सांगाची पाळी आली नसती. पण जागा जराशी फिकी दिसे, म्हणून आजूबाजूलेबी घासलं. साग पांढरा पडाले लागला. मले वाटलं, लाकूड तहानलं हाये. तेल पाजलं. लाकूड तेल पेईना! ओघळ थेट गिअरवर. अजून घासलं, तं बटाट्याची साल निंगावी तसा साग निंगाला अन् खालून पांढरंफटक प्लास्टिक. साग म्हणजे नुसता चिकटवलेला कागद होता हो!

साग खोटा निंगाला, पण भाऊची धमकी खरी होती. मी पट्टीवर दुपटं पसरलं अन् देवाचं नाव घेत गाडी काढली.

सासऱ्याच्या दारात गजेंद्रभाऊ उभेच. ओसरीत गीतांजली पोरीले मांडीवर घेऊन, पिशव्या भरून तयार बसली होती. कार पाहून अशी हासली का मले रडूच आलं. आता हिले काळीपिवळीत कोणत्या तोंडानं बसवू?

भाऊ कारमंधी बसले. तेलाचा वास घेतला. दुपटं उचललं. मी डोये मिटले. काई आवाज नाई म्हणून उघडले, तं भाऊनं मले आत ओढून दार लावून घेतलं.

"मामाजीनं पाह्यलं का हे?"

"नाई."

"मंग कोणाले सांगू नको, योगेश. माही इज्जत तुह्या हाती हाये."

तेवढ्यात मामाजी, म्हणजे आमचे सासरे वामनराव, काय झालं म्हणून इचारत आलेच. भाऊनं दुपटं झटक्यात खाली सोडलं. म्हणले, योगेशनं सागाले तेल पाजलं हाये, मुरेपर्यंत कोणी दुपटं उचलू नका, अन् लाकडातला असा जाणता मानूस तुमाले तालुक्यात भेटणार नाई.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्यानं माह्याकडं कौतुकानं पाह्यलं.

"मंग आमची तिफणबी पाहून घ्या, जावाई. पेरणी तोंडावर आली."

जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले अन् मी अंगणात तिफण घासत बसलो. सांजच्या पहारी आमी तिघं कारनंच निंगालो. पोरगी घरापर्यंत गाढ झोपली, अन् गीतांजली म्हणे, गजेंद्रभाऊ किती बदलले, स्वतः म्हणले का गाडी पायजे तवा ने. मी पट्टीवरचं दुपटं सारखं केलं.

तिफण मात्र घासाच्या आधी मी कोणी पाहत नाई असं पाहून नखानं खरडून पाह्यली. सासरे झाले म्हणून काय झालं!