टप भिजू नये म्हणून

त्या सकाळी ड्राफ्ट्समनसाहेबांनी टॅक्सी बोलावली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि त्यांची अब्रूही शाबूत राहिली असती. पण बायकोची मुलाखत होती. चौदा वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून उभ्या उभ्या नोकरी केल्यावर तिला मेट्रनच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं. साडेदहाची वेळ होती. अशा दिवशी बायकोने टॅक्सीने जावं, हा साहेबांना आपल्या गॅरेजचा अपमान वाटला.

गॅरेजमध्ये त्यांची स्पोर्ट्‌स कार होती. दोन चामडी सीटा, लांबलचक नाक, वर उघडं आकाश. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे साहेबांहून चार वर्षांनी लहान, पण कौतुक तान्ह्या बाळाचं. सहा वर्षं खपून तिचा एकेक स्क्रू त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता (सतरा स्क्रू उरले, ते बिस्किटांच्या डब्यात आहेत, ते कुठले, हे विचारायचं नाही). ही गाडी पाण्याने धुतली जात नसे. ती मऊ फडक्याने पुसली जाई आणि ते फडकं साहेब स्वतः धूत. घरातलं दुसरं काही त्यांनी धुतल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"अहो, आभाळ भरलंय," बायको फाटकाशी म्हणाली. "टप घेतलात ना?"

गाडीला कापडी टप होता. पाऊस आलाच तर मागून ओढायचा आणि चार बटणांवर बसवायचा, इतकं सोपं काम. साहेबांनी तो वर्षापूर्वी काढून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला होता.

"माळ्यावर कशाला?"

"भिजला तर खराब होतो," साहेब म्हणाले.

कुठे बोलून उपयोग नाही, हे वॉर्डात लवकर कळतं. बायकोने फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि दाराआडची छत्री गुपचूप सीटखाली सरकवली.

अर्ध्या वाटेवर पावसाने गाठलं. साहेब मुळीच डगमगले नाहीत.

"उघड्या गाडीत वेग ठेवला की पाऊस डोक्यावरून मागे जातो," ते म्हणाले. "शास्त्र आहे." आणि त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

शास्त्र खरं निघालं. पाऊस खरोखरच दोघांच्या डोक्यावरून मागे जाऊ लागला. फक्त त्याच क्षणी वायपर बंद पडला.

त्याचं असं आहे. या गाडीचा वायपर विजेवर चालत नाही. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तो चालतो. पाय दाबला की ती ओढ संपते आणि वायपर काचेच्या मधोमध हात वर करून उभा राहतो. पाय काढला की पिसाळल्यासारखा फिरतो. म्हणजे जोरात जायचं तर कोरडं, पण आंधळं. हळू जायचं तर सगळं दिसतं, आपण भिजतोय हेसुद्धा.

"ट्रक आहे," बायको म्हणाली.

"कुठे?"

"पाय काढा, म्हणजे दिसेल."

साहेबांनी पाय काढला. ट्रक दिसला, चांगला हातभर अंतरावर. आणि इतका वेळ मागे जाणारा पाऊस दोघांच्या मांडीवर येऊन बसला.

सिग्नलला तर शास्त्राने हातच टेकले. शेजारी बस उभी होती. बसमधल्या एका आजीबाईंनी खिडकीतून वाकून विचारलं, "छप्पर मोडलंय का हो?"

"नाही," बायको म्हणाली. "चांगलं आहे. घरी आहे."

मुलाखतीच्या कार्यालयासमोर रस्ता जरा खोलगट आहे. तिथल्या पावसाळी गटाराचा नकाशा तीन वर्षांपूर्वी खुद्द साहेबांनी काढला होता. कागदावर पाणी बिनतक्रार वाहून जात होतं. रस्त्यावर ते गुडघाभर होतं. गाडी त्यात शिरली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि फाटक चाळीस पावलांवर होतं.

साहेबांनी उतरून बॉनेट उघडलं. आत ठिणगी वाटून देणारी ती छोटी डबी ओलीचिंब झाली होती.

"डिस्ट्रिब्युटर भिजला," ते म्हणाले, घरातलं कुणी अत्यवस्थ असावं अशा आवाजात.

बायकोने सीटखालची छत्री काढून उघडली. साहेबांचा चेहरा उजळला. "छत्री आणलीस? शहाणी आहेस. दे." त्यांनी ती घेतली आणि इंजिनावर धरली.

बायको भर पावसात उभी राहिली. "आणि मी?"

साहेबांनी विचार केला. (इथेच चुकलं. या प्रश्नावर नवऱ्याने विचार करायचा नसतो.)

"अगं, तू वाळशील," ते समजुतीने म्हणाले. "डिस्ट्रिब्युटर वाळत नाही."

गोळी गिळायला नकार देणाऱ्या पेशंटकडे बघावं, तसं तिने त्यांच्याकडे बघितलं. मग फाईल छातीशी धरून ती पाण्यातून चालत निघाली. काल रात्री दोनदा इस्त्री केलेला तिचा पांढरा गणवेश पाठीला चिकटला होता. ते साहेबांनी बघितलं. चौदा वर्षांच्या रात्रपाळ्या, आणि आज असं जायचं तिने. स्वतःची लाज वाटून ते छत्री घेऊन दोन पावलं तिच्यामागे धावलेही. तेवढ्यात एक थेंब कार्ब्युरेटरवर पडल्याचा आवाज आला. साहेब परत आले.

अर्ध्या तासाने तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. तीन डोकी बाहेर आली, बराच वेळ खाली बघत राहिली आणि आत गेली. थोड्या वेळाने एक शिपाई स्वतः छत्रीत आणि काखेत दुसरी छत्री, असा पाण्यातून आला.

"तुम्ही सिस्टरबाईंचे मिस्टर ना?"

"हो. वेळेवर पोचली का?"

"पोचल्या की. ठिबकत होत्या. मोठ्या साहेबांनी विचारलं, हट्टी पेशंट कसे सांभाळता? बाई म्हणाल्या, जरा खिडकीतून खाली बघा, यांना घरी बावीस वर्षं सांभाळतेय." शिपायाने बॉनेटवरच्या छत्रीकडे एकदा नीट बघून घेतलं. "सगळ्यांनी बघितलं. पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही."

"मग?"

"मग काय, कागद निघायचाय अजून, पण चहा मेट्रनबाई म्हणूनच दिला त्यांना."

साहेबांचा ऊर भरून आला. "तरी मी म्हणत होतो, आज गाडीच न्यायची," ते म्हणाले. "टॅक्सीत हे झालं असतं का?"

शिपायाने काखेतली छत्री पुढे केली. "मोठ्या साहेबांनी पाठवलीय. म्हणाले, पहिली राहू दे गाडीला. ही माणसाला द्या."

परक्या माणसाने आपल्या भिजण्याची एवढी काळजी करावी, याने साहेबांना अगदी गहिवरून आलं. त्यांनी ती छत्री मोकळ्या हातात घेतली, उघडली, आणि चामडी सीटांवर धरली.