सात नंबरच्या खाटेवरची वरमाय

जगदेवी नर्स होणार, हे जगदेवीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. फक्त परीक्षा तेवढी राहिली होती!

मुरुमची ही पोरगी निजामाच्या राज्यात धाराशिवच्या एका जनाना दवाखान्यात आया होती. दिवसभर बेडपॅन धुवायची आणि उरल्या वेळात नर्सचं पुस्तक घोकायची. सगळ्या हाडांची नावं पाठ झाली, तशी तिची मान अशी ताठली, जणू ती हाडं हिनंच घडवून देवाला दिली होती! आजारी बायांशी बोलणंसुद्धा खाटेच्या आकड्यानं. "ओ चार नंबर, जीभ काढा!" "ओ नऊ नंबर, कण्हू नका!"

परीक्षा घ्यायला हैदराबादहून बड्या नर्सबाई आल्या. सात नंबरच्या बाईला ऑपरेशनसाठी तयार करून दाखवायचं होतं. जमलं तर डोक्यावर पांढरी टोपी, नाहीतर पुन्हा मोरीत.

"डोळे मिटून करीन!" जगदेवी म्हणाली. आणि पोरीनं अगदी तसंच केलं.

सात नंबरवर होती ईट गावची गजराबाई. पोटात गाठ. पण नेमकी त्याच सकाळी भूमहून तिची विहीण म्हाळसाबाई तब्येत विचारायला आली. त्या काळची वरमाय ती! फरशीवर बसणार होय? म्हाळसाबाईंनी नुसतं फरशीकडं पाहिलं, अन् गजराबाई पोट धरून खाटेवरून खाली उतरली.

"बसा विहीणबाई, तुमचीच खाट हाय. म्या च्या घिऊन येते."

म्हाळसाबाई बसल्या, मग कलंडल्या, मग पांघरूणही ओढून घेतलं. आजारी माणसाच्या खाटेवर निरोगी माणसाला झोप फार छान लागते!

तेवढ्यात जगदेवी गरम पाणी घेऊन हजर. मागं बड्या नर्सबाई. जगदेवीनं खाटेचा आकडा पाहिला. तोंड पाहायची तिला गरज वाटली नाही. सरळ पाय धुवायला घेतले.

म्हाळसाबाई सुखावल्या. "चांगले चोळ ग. पोराच्या लग्नात ह्या गजरानं गार पाण्यानं पाय धुतले हुते माझे! आत्ता अक्कल आली म्हणायची."

तापानं बरळतेय, जगदेवीनं ठरवलं. बड्या नर्सबाईंना मराठी कळत नव्हतं, त्यांनी मान डोलावली. अंग पुसून झालं, वेणी घालून झाली. "ह्येला म्हणत्यात मानपान!" म्हाळसाबाई पुटपुटल्या आणि पुढं आलेला पेला सरबत समजून एका दमात रिकामा केला. एरंडेल!

"ह्ये कसलं ग? गूळ इसरलीस का?"

"गप पडा, सात नंबर!"

मग पडदा ओढला गेला आणि एनिमाची नळी बाहेर निघाली. पडद्याआडचं मी सांगत नाही. एवढंच सांगते, की किंकाळीनं बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडाले आणि बादली बड्या नर्सबाईंच्या बुटांत रिकामी झाली.

"कुठं गेली ती गजरा? न्या तुमची लेक म्हागारी!"

गजराबाई कपबशी सावरत धावत आली. "विहीणबाई, काय कमी पडलं?"

"कमी? लई जास्त झालं!"

बड्या नर्सबाईंनी ओले बूट झटकले. "मरीज कौन है?"

गजराबाईनं भीतभीत हात वर केला. "म्या हाय. पर आधी ह्यांचं हुं द्या."

बड्या नर्सबाई जगदेवीकडं वळल्या. "हड्डियां सब मालूम, आदमी नई मालूम! छे महिने बाद आओ."

इकडं एरंडेलानं मात्र आपलं काम इमानानं केलं. दिवस मावळेपर्यंत म्हाळसाबाई अशा गळाल्या, की त्यांना खरोखरच दाखल करून घ्यावं लागलं. सगळ्या दवाखान्यादेखत जगदेवीला त्यांच्या उशाशी उभं केलं. तिनं पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुमचं नाव काय हो?"

म्हाळसाबाईंनी एक डोळा उघडला.

"समदं करून झाल्यावर आता नाव इचारतीस व्हय ग, भवाने?"